वीस टाइल्सखालचं लाकूड

पाय चार, बाभळीचे. फळ्या तीन, आंब्याच्या. फळ्यांना खालून धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या दोन. खिळे चोवीस, त्यांतले पाच गंजलेले. खण एक, आणि त्यात सुताची एक रिकामी कांडी. कडेला सुरीचे सात ओरखडे. डाव्या कोपऱ्यावर तापलेला तवा टेकल्याचा अर्धगोल काळा डाग. मित्रांनो, एवढं सगळं एका जागी आणून ठोकलं की जो जुना टेबल होतो, तो मी. मार्च महिन्यातल्या एका रविवारी सकाळी घरातल्या मुलीनं, बुद्धप्रियानं, टेप लावून मला मोजलं होतं. लांबी साठ इंच, रुंदी बत्तीस, फळीची जाडी एक. त्यानंतर मला पूर्ण असं कुणी पाहिलेलं नाही. त्याच दुपारी माझा वरचा भाग झाकला गेला.

आधी माझ्या लाकडाविषयी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. झाड तोडलं, फळी पाडली, की लाकूड संपलं असं तुम्हाला वाटत असेल. तसं नसतं. लाकूड पाणी घेतं आणि पाणी सोडतं. पावसाळ्यात हवेतला ओलावा घेऊन मी किंचित फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. यातली नवलाची गोष्ट अशी की लांबीला मी जवळजवळ बदलत नाही. बदलतो तो रुंदीला, रेषांच्या आडव्या दिशेनं. म्हणून मला बनवणाऱ्या सुतारानं माझ्या फळ्यांमध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट ठेवली होती. पावसाळ्यात ती मिटायची, चैत्र-वैशाखात उघडायची. इतकी वर्षं त्या फटीत फक्त धूळ आणि पीठ गेलं. दुसरं काही जावं अशी माझी इच्छाही नव्हती.

माझा जन्म सोलापुरात भवानी पेठेत झाला. तिथं पत्र्याच्या छपराखाली आठ यंत्रमाग चालत आणि त्यांवर टॉवेल निघत. त्या टॉवेलांच्या घड्या घालण्यासाठी मालकानं मला करून घेतलं. मालकाच्या घरी तेलुगू बोलत. घड्या घालायला यशवंत नावाचा एक तरुण होता. त्याच्या घरी मराठी. पण मालकाची आई शेजारी बसून टॉवेल मोजायची ते तेलुगूत, आणि ऐकून ऐकून यशवंतही तसाच मोजायला शिकला. आता त्याचे केस पिकले, तरी घरात कांदे मोजायचे झाले तरी तो ‘ओकटी, रेंडू, मूडू’ असाच सुरू होतो आणि त्याची बायको म्हणते, “आलं बगा मद्रास मेल.”

यशवंत माझ्या पुढच्या बाजूला उभा राहायचा. टॉवेल माझ्यावर पसरायचा, तळव्यानं सुरकुती काढायचा, तीन घड्या घालायचा आणि माझ्यावरूनच सरकवत थप्पीला लावायचा. किती टॉवेल सरकले असतील याचा हिशेब मी केला नाही, पण त्याचा परिणाम मला ठाऊक आहे. माझी पुढची फळी, साडेदहा इंच रुंदीची, गुळगुळीत झाली. तो रंध्याचा गुळगुळीतपणा नव्हता, पॉलिशचाही नव्हता. घासून घासून हाताचा तळवा होतो तशी ती झाली होती. मालक पाहुण्यांना म्हणायचा, “हा टेबल बघा. याच्यावर रेशीम फेका, धागा निघणार नाही.” ते कौतुक मला आवडायचं.

पुढे एकेक माग बंद पडत गेला आणि शेवटी सगळे भंगारात गेले. शेवटच्या दिवशी मालकानं यशवंतला बोलावलं.

“यशवंत, इतकी वर्षं केलंस. एखादी वस्तू घेऊन जा.”

“ह्यो टेबल न्हेतो की.”

“अरे, कांडी भरायचं मशीन ने. विकलंस तर चार दिवस निघतील.”

“विकायला न्हाय न्यायचा, मालक. पारूचं गुडघं गेल्यात. तिला उबं ऱ्हाऊन काम करायला पायजे कायतरी.”

असा मी हातगाडीवर उलटा, चारही पाय वर करून, यशवंत आणि त्याची बायको पारूबाई यांच्या घरी आलो.

पारूबाई लहानपणापासून विड्या वळायची. विड्या वळायचं काम बसून करायचं असतं. मांडी घालायची, मांडीवर सूप घ्यायचं, सुपात पानं आणि तंबाखू. सकाळी बसलेली बाई दुपारी जेवायला उठते. असं तीस-पस्तीस वर्षं बसल्यावर तिच्या गुडघ्यांतला मऊ भाग झिजला आणि हाडावर हाड घासू लागलं. डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं की आता खाली बसायचं नाही. उभं राहून करता येईल असं एकच काम तिच्या हातात होतं, ते म्हणजे भाकरी.

सोलापूरची कडक भाकरी तुम्ही खाल्ली असेल. ती पापडासारखी पातळ थापतात, तव्यावर भाजतात आणि मग मंद आचेवर कापडानं दाबत दाबत पाणी पार उडवतात. अशी भाकरी महिनाभर टिकते. पण ती सगळीकडे सारखी पातळ हवी. एका जागी जाड राहिली तर तिथलं पाणी मागाहून उडतं, त्या रेषेवर ताण येतो आणि भाकरी तिथंच मोडते. घरच्या भाकरीला परात चालते. कडक भाकरी नऊ इंचांची, तिला परातीची कड आडवी येते. म्हणून पारूबाई ती थेट माझ्यावर थापू लागली.

त्याआधी यशवंतनं तिला माझ्यासमोर उभं केलं आणि हात कोपरात वाकवायला सांगितला. कोपराच्या चार बोटं खाली त्यानं माझ्या पायावर कोळशाची रेघ मारली.

“आवं, शाळंचा ड्रेस शिवताय का माजा?” पारूबाई म्हणाली.

“गप उबी ऱ्हा. उंच झाला तर खांद्यानं थापशील. आंगाचं वजन हातावर पडाया पायजे.”

रेघेच्या वर मी जेवढा उंच होतो, तेवढे त्यानं माझे चारही पाय खालून करवतीनं कापले. मला दुखलं नाही. मला बरं वाटलं. कुणीतरी मला एका माणसाच्या मापाचं करत होतं.

मग माझी चांगली वर्षं आली. पारूबाई पुढच्या फळीवर चिमूटभर पीठ भुरभुरायची, गोळा ठेवायची आणि थापायला लागायची. एक थाप पडली की भाकरी आपणहून थोडी फिरायची, दुसरी पडली की आणखी थोडी. याला कारण होतं. माझ्या बारीक छिद्रांत पीठ मुरलेलं होतं. गोळ्याखाली जास्तीचा ओलावा आला तर मी तो शोषून घेत होतो. ती भाकरी चिकटायची नाही आणि निसटायचीही नाही. टॉवेलांनी जे केलं होतं ते असं भाकरीच्या कामी आलं.

त्या भाकऱ्या गुरुशांत घेऊन जायचा. गुरुशांत अक्कलकोटकडचा, शेंगाचटणी आणि भाकरी टेंभुर्णीच्या हायवेवरच्या हॉटेलांना पोचवणारा. पारूबाईला तो अक्का म्हणायचा. फेब्रुवारीत एक दिवस तो आला आणि माझ्या कडेला हात टेकून उभा राहिला.

“अक्का, बातमी चांगली हाय. पुण्याच्या दुकानवाल्यांनी तुमची भाकरी खाल्ली. वर्षभराची ऑर्डर देतो म्हणत्यात. रोजची.”

“मग तोंड का असं केलंय? दात दुकतोय व्हय?”

“एप्रिलात मानसं जागा बगायला येनार. लाकडावर थापलेलं त्यास्नी चालत न्हाय. पुसून साफ होनारं पायजे, आन् पांढरं पायजे. मळ दिसला पायजे म्हनं.”

“आन् मी काय पिटात भुसा घालती काय लाकडाचा?”

“मला म्हाईत हाय की, अक्का. पन आता हॉटेलवालं बी तेच इचारायलेत. आज न्हाय तर उद्या, लाकूड जानारच.”

पारूबाईची मुलगी बुद्धप्रिया तेव्हा दारात चपला काढत होती. तिनं रसायनशास्त्रात बीएस्सी केलं होतं आणि ती चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची.

“आई, ते बरोबर बोलतायत,” ती म्हणाली. “लाकडाला छिद्रं असतात. त्यात ओलं पीठ राहतं. त्यात जंतू वाढू शकतात.”

ती खरं बोलत होती. माझ्या छिद्रांत पीठ होतं. त्याच पिठामुळे भाकरी फिरत होती, पण हे दोन्ही एकाच छिद्रांत चाललेलं आहे असं त्या दिवशी कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्याकडे सांगायला तोंड नव्हतं.

स्टीलचा टेबल आवाक्यात नव्हता. एकसंध कडप्पा टाकावा असं यशवंत म्हणाला, पण कडप्पा काळा आणि पार्टीला हवं होतं पांढरं. तेव्हा यशवंतला आपला भाचा गुंडा आठवला. गुंडा टाइल्स बसवण्याचं काम करायचा. तो आला, माझ्यावर दोन बोटांनी टकटक केलं आणि म्हणाला, “जयभीम मामी. पेशंट ह्योच का?”

“ह्योच. वाचंल का?”

“वाचंल? नवरा मुलगा करून देतो त्याला. होटगी रोडच्या एका बंगल्यात किचनच्या भिंतीच्या टाइल्स उरल्यात, आठ बाय बाराच्या. पांढऱ्या शुभ्र. वीस बसत्यात बगा बरोबर. ओटा करतो तसा करून देतो, हलनार न्हाय.”

बुद्धप्रियानं विचारलं, “गुंडादादा, लाकडाला सिमेंट धरेल का?”

“कोंबडीच्या खुराड्याची जाळी मारतो की खिळ्यांनी. जाळीत शिमिट धरतंय.”

“सिमेंटऐवजी ते पिशवीतलं चिकट मिळतं ना, टाइल्सचं?”

“बाई, तुज्या लॅबमदी मी येऊन सांगतो का कुटल्या बाटलीत काय वत म्हनून? मी इतकं ओटं केलं, एक बी उठला न्हाय.”

हेही खरं होतं. गुंडाचा एकही ओटा उठलेला नव्हता. पण ओटा विटांचा आणि दगडाचा असतो. तो पाणी प्यायला तरी रुंदीला वाढत नाही.

त्या रविवारी गुंडानं माझ्यावर जाळी ताणली आणि तिला खिळे मारले. खिळे माझ्या गुळगुळीत फळीत गेले तेव्हा यशवंत मधेच म्हणाला, “हितं जरा कमी मार की रं.” गुंडानं फळ्यांमधल्या फटी सिमेंट भरून बुजवल्या, कारण फट म्हणजे कच्चं काम असं त्याला शिकवलेलं होतं. टाइल्स बादलीत भिजत घातल्या होत्या. त्या एकेक काढून त्यानं ओल्या गिलाव्यावर बसवल्या, करणीच्या मुठीनं ठोकल्या आणि सांध्यांत पांढरं सिमेंट भरलं. पाच टाइल्स लांबीला, चार रुंदीला.

उठताना तो म्हणाला, “मामा, आता सात दिवस पानी मारायचं. ईसरायचं न्हाय. पानी न्हाय तर शिमिटला ताकद न्हाय.”

सिमेंटबद्दल हे अगदी योग्य आहे. यशवंतनं ते मनावर घेतलं. त्यानं गोणपाटं भिजवून माझ्यावर पांघरली आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ तांब्यानं पाणी ओतलं. नळाला पाणी चार दिवसांआड येत होतं. आंघोळीचं कमी करून त्यानं मला पाजलं. एवढ्या मायेनं आणि एवढ्या नियमानं माझ्यासाठी कधी कुणी काही केलं नव्हतं.

शेजारची रंभाबाई डोकावली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “पारू, तुजा टेबल बाळंत झालाय का काय? पोती पांगरून निजवलाय ते.”

“हां, पोरगी झालीया. पेढं आन.”

दोघी हसल्या. खाली माझं लाकूड पाणी पीत होतं. वरचा थर फुगत होता, त्याला रुंद व्हायला जागा हवी होती, आणि जागा नव्हती, कारण फटीत सिमेंट होतं. लाकडाला जागा मिळाली नाही की ते आतल्या आत चेपलं जातं. असं चेपलेलं लाकूड पुढे वाळलं की आधीपेक्षाही लहान होतं. मित्रांनो, हे मी तुम्हाला आता सांगू शकतो. तेव्हा मला फक्त इतकंच कळत होतं की माझं अंग दाटून आलं आहे.

सातव्या दिवशी गोणपाटं निघाली. मी पांढरा चकचकीत झालो होतो. गल्लीतल्या बायका बघून गेल्या. गुंडानं माझा फोटो काढून आपल्या गिऱ्हाइकांना पाठवला. जन्मभरात झालं नव्हतं इतकं कौतुक त्या एका दिवसात माझं झालं, आणि मलाही वाटलं की मी आता नवा आहे.

दुसऱ्या दिवशी पारूबाईनं माझ्यावर पीठ भुरभुरलं आणि पहिला गोळा ठेवला. थाप पडली. भाकरी फिरली नाही. टाइलवर पीठ नुसतंच वर राहिलं आणि एका बाजूला सरकलं. जिथं पीठ होतं तिथं भाकरी निसटली, जिथं नव्हतं तिथं चिकटली. तिनं उलथन्यानं सोडवली. भाकरी नऊ इंचांची आणि टाइल आठ इंचांची होती. कशीही ठेवली तरी एक सांधा तिच्या पोटाखाली यायचाच. सांध्याची जागा केसाएवढी खोल होती. भाकरी तिथं केसाएवढी जाड झाली. भाजल्यावर वाळताना ती त्या रेषेवर मोडली, पट्टी लावून कापल्यासारखी.

“सवय न्हाय अजून,” पारूबाई म्हणाली. “हाताला कळंल हळूहळू.”

हाताला कळलं नाही. तिनं भाकरी लहान केली तर ती गुरुशांतच्या पाकिटात खुळखुळून मोडली. पालथी परात माझ्यावर ठेवून तिच्यावर थापून पाहिलं, तर थापेसरशी परात टाइलवरून सरकली. शिवाय गिलावा आणि टाइल मिळून मी दीड इंच उंच झालो होतो. तिचे खांदे दुखायला लागले. यशवंतनं तिच्या पायाखाली पाट दिला. उंची जमली, पण भाकरी तव्यावर टाकायला प्रत्येक वेळी पाटावरून उतरायचं आणि परत चढायचं. वीस भाकऱ्या झाल्या की ती माझी कड धरून उभी राहायची.

यशवंत तिला म्हणाला, “पाय परत कापू का ह्याचं?”

“आता काय काय कापनार तुमी?” ती म्हणाली. “ऱ्हाऊ द्या. मानसं येऊन जाऊ द्यात आदी.”

तिची सगळी आशा पुण्याच्या माणसांवर होती. ऑर्डर पक्की झाली की आगाऊ काही मिळेल, त्यातून स्टील घेता येईल, असं ती मनाशी जुळवत होती.

एप्रिल सुरू झाला. सोलापूरचा एप्रिल कोरडा. हवा लाकडातलं, मातीतलं, ओठांवरचं पाणी ओढून नेते. मीही आकसायला लागलो. दर उन्हाळ्यात आकसतो तसा, पण या वेळी जास्त, कारण वरचा थर चेपला गेला होता. फळ्यांच्या कडा वर उचलल्या गेल्या, मधला भाग खाली गेला आणि प्रत्येक फळी पन्हळीसारखी वाकली. टाइल वाकत नाही आणि आकसतही नाही. तिला पूर्वीइतकीच जागा हवी होती आणि मी ती देऊ शकत नव्हतो.

एका दुपारी यशवंत भिंतीला टेकून पेंगत होता. पारूबाई पीठ चाळत होती. तेव्हा आवाज झाला, टक्. पाठोपाठ दुसरा.

“आवं, कप फुटला का?”

“कप कुटं? कप तर हातात हाय माज्या.”

मधल्या दोन ओळी एकमेकींना रेटून तंबूसारख्या वर उठल्या होत्या. सांध्यांतलं पांढरं सिमेंट चुऱ्यासारखं बाहेर पडलं होतं. संध्याकाळी बुद्धप्रिया आली. तिनं टाइलखाली करंगळी घालून पाहिली. मग ती खाली बसली, माझ्या पोटाखाली डोकं घालून मोबाईलच्या उजेडात फळ्या बघितल्या आणि तिथूनच म्हणाली, “लाकूड आकसलंय, आई. आपण त्याला सात दिवस भिजवलं आणि आता ते आकसलंय. बत्तीस इंचांत पाऊण इंच.”

“तुला हे म्हाईत हुतं?” यशवंतनं विचारलं.

“लाकूड आकसतं हे माहीत होतं, बाबा.”

“मग बोलली का न्हाईस?”

ती बाहेर आली. केसांना जळमट लागलं होतं. “मी त्याच्याकडे लाकूड म्हणून बघितलंच नाही. मी जंतू बघत होते.”

 यशवंतनं कोपऱ्यातली गोणपाटं उचलली, घडी घातली, तीन घड्या, आणि परत तिथंच ठेवली.

दुरुस्तीला गुंडा आला. त्यानं एक टाइल छिन्नीनं उचलली. टाइल निघाली, तिच्याबरोबर गिलावा निघाला, गिलाव्याबरोबर जाळी ओढली गेली आणि जाळीच्या खिळ्यांनी माझ्या पुढच्या फळीच्या चिंध्या वर काढल्या. आणखी तीन टाइल्स काढल्यावर यशवंतनं त्याचा हात धरला. उघड्या पडलेल्या जागेवरून त्यानं तळवा फिरवला. तळव्यात कुसळं घुसली.

“ऱ्हाऊ दे, गुंडा,” तो म्हणाला. “ह्याच्यात आता ते न्हाय.”

चार टाइल्स परत चिकटवून गुंडानं मला झाकलं. दोन दिवसांनी गुरुशांत पुण्याची माणसं घेऊन आला, एक बाई आणि एक पुरुष. दोघं नीट बोलणारी होती. पारूबाईनं चहा केला. त्या बाईंनी उठलेल्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेलं जुनं पीठ बघितलं.

“इथं पीठ अडकून राहतंय, मावशी.”

“ते नवं करनार हाय आमी.”

“हो, हो. करून घ्या. मग कळवा.”

पाकीट उघडून त्यांनी भाकऱ्या बाहेर काढल्या. सगळ्या एकाच जागी मोडलेल्या होत्या. पुरुषानं दोन अर्धुकं जुळवून पाहिली आणि हसून परत ठेवली. निघताना चहाचं कौतुक केलं.

गुरुशांत मागं थांबला. चप्पल पायात अडकवत तो बराच वेळ खाली बघत होता.

“अक्का, टेंभुर्णीचं हॉटेलवालं... मोडका माल परत यायलाय. मशीनवरची भाकरी निघाली हाय आता. गोल, सारखी. चवीला काय न्हाय तिच्यात. पन मोडत न्हाय.”

“मग तीच न्हे की, बाबा. तू तरी काय करशील?”

“मी येतो मदनंमदनं. चटनी देऊन जातो तुमाला.”

तो एकदा चटणी देऊन गेला. पुन्हा आला नाही. यशवंतनं बाजारातून एक नवी फळी आणली होती. तिच्यावर पहिलीच भाकरी अशी चिकटली की सुरीनं खरवडून काढावी लागली. पारूबाई म्हणाली, “हिला आता टॉवेल कोन घासनार पंचीस वर्सं?” फळी दाराला अडसर म्हणून गेली.

मित्रांनो, माझी गोष्ट इथवर आली. आता माझ्यावर पाण्याची घागर असते, औषधांच्या पट्ट्या असतात आणि बुद्धप्रियाचा डबा असतो. माझ्या दोन टाइल्स हलतात. पाहुणे आले की माझ्यावर चादर टाकतात. मी कुणाला दोष देत नाही. सिमेंट कसं पक्कं करायचं ते गुंडाला पक्कं ठाऊक होतं, जंतूंचं बुद्धप्रियाला, पारूबाईच्या कोपराचं यशवंतला. तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल आणि तिला नवं रूप द्यावंसं तुम्हाला वाटेल. जरूर द्या. फक्त त्याआधी एक दिवस काहीही न करता तिच्याजवळ उभे राहा आणि ती काम कसं करते ते बघा. ती कुठून पाणी घेते, कुठं तिला जागा लागते, तिच्या कुठल्या भागावर कुणाचा हात फिरून फिरून काय झालं आहे, हे विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही. गेलेलं परत येतं असं मला कुठं दिसलेलं नाही.

गेल्या सोमवारी रंभाबाई विडीची पानं घेऊन आली. पानं भिजवून, कापून तयार होती. ती दारातूनच म्हणाली, “बस बाई थोडं थोडं. जमंल तसं कर. कारखान्यात मी सांगितलंय.”

“जमंल की,” पारूबाई म्हणाली. “हात कुटं इसरल्यात?”

“हाताचं कोन बोलतंय? डॉक्टरनी काय सांगितलंय?”

“डॉक्टर येनार हाय का चूल पेटवायला?”

यशवंतनं गोणपाटांची घडी माझ्या पायाशी अंथरली. पारूबाईनं एका हातानं माझी कड धरली, दुसऱ्या हातानं त्याचा खांदा. ती हळूहळू खाली गेली. शेवटचं वीतभर अंतर ती एकदम बसली आणि तिच्या तोंडून आवाज निघाला. तिनं मांडी घातली. पाठ माझ्या पायाला टेकवली, त्याच पायाला, ज्यावर कधी कोळशाची रेघ होती. रंभाबाईनं तिच्या मांडीवर सूप ठेवलं.

“प्रिया, तू जा कामाला,” पारूबाई म्हणाली. “उशीर हुतोय.”

“जाते. डॉक्टरांनी विचारलंय किती वेळ बसता येतं ते. एकदा बघते आणि जाते.”

बुद्धप्रियानं मोबाईल माझ्यावर ठेवला आणि घड्याळ सुरू केलं. पारूबाईनं पान घेतलं, तंबाखू भरली, वळलं, टोक दुमडलं, दोरा बांधला. हात खरंच काही विसरले नव्हते. दुसरी विडी झाली, तिसरी झाली. मग तिचा डावा हात सुपातून निघून माझ्या पायावर आला आणि घट्ट झाला. थोड्या वेळानं उजवा आला. यशवंतनं सूप उचललं आणि रंभाबाईनं तिला काखेत धरून उठवलं. उठताना पारूबाईनं माझी कड धरली, तर एक टाइल तिच्या हातात निघून आली. बुद्धप्रियानं घड्याळ थांबवलं.

विड्या नऊ. अकरा मिनिटं, चाळीस सेकंद.